जुन्या गोव्यांतील ख्रिस्ती कलेचें संग्रहालय

जुन्या गोव्यांत बॉं जेझूसच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू पुष्कळ. जवळच असलेल्या सांता मोनिका मठांत शिरणारे थोडे. इ. स. १६०६ सालीं ज्याच्या बांधणीस आरंभ झाला, त्या धर्मभगिनींच्या ह्या मठांत २००२ सालापासून ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. तत्पूर्वीं, १९९४ सालीं, तें राशोलच्या सेमिनरींत स्थापन झालें होतें.

तेथील चांदीचा पेलिकन पक्षी, हस्तिदंती मूर्ति, जरीचीं मिस्सावस्त्रें हीं अवश्य पाहावीं. नमुना युरोपाचा, परंतु हात एतद्देशीय कारागिरांचे. त्यांत हिंदूहि होते. त्यांच्याकडून पवित्र मूर्ति करवूं नयेत असा निर्बंध १५६७ सालच्या गोव्याच्या धर्मसभेनें घातला. तो घालावा लागला, ह्यावरूनच ती चाल किती रूढ होती हें दिसून येतें. त्या कारागिरांपैकीं बहुतेकांचीं नांवें लोपलीं. काम तेवढें उरलें.

आणि तें उरलें, कारण कोणीतरी तें जपलें. वाचकहो, आपल्याहि चर्चच्या माळ्यावर जुनीं वस्त्रें, शमादानें, बाप्तिस्म्याच्या वह्या पडून असतील. जीर्ण म्हणून त्या मोडींत घालण्यापूर्वीं एकवार नीट पाहाव्या. आपल्या पूर्वजांची साक्ष देणारें दुसरें कांहीं कदाचित् उरलेंहि नसेल.