‘अवैध’ या शब्दाची सरहद्द : मस्कतचा बंदुकांचा व्यापार आणि आंतरराष्ट्रीय करारांची भाषा

लहान व हलक्या शस्त्रांच्या अवैध व्यापाराविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद 9 ते 20 जुलै 2001 या काळात न्यूयॉर्क येथे भरली. ‘सर्व अंगांनी’ या व्यापाराचा विचार करावयाचा, असे परिषदेच्या नावातच म्हटले होते. प्रत्यक्षात जो कृतिकार्यक्रम संमत झाला त्यातून दोन अंगे गळाली : नागरिकांजवळील शस्त्रांचे नियमन, आणि राज्यसंस्था नसलेल्या सशस्त्र गटांना होणाऱ्या पुरवठ्यावरील बंदी. ही दोन्ही कलमे अमेरिकेच्या विरोधामुळे वगळण्यात आली आणि परिषदेचे अध्यक्ष, कोलंबियाचे कामिलो रेयेस, यांनी त्याबद्दलची निराशा उघडपणे नोंदवली. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की ज्या शब्दाभोवती ही सारी परिषद उभी होती त्या ‘अवैध’ शब्दाची व्याख्या त्या दस्तऐवजात कोठेही नाही.

ही मसुदाकारांची हयगय म्हणता येणार नाही. शस्त्रव्यापाराच्या नियंत्रणासाठी राष्ट्रे एकत्र आली ती बहुतेक वेळा या शब्दाचा अर्थ मोघम ठेवूनच. आणि तो अर्थ कोणी ठरवायचा, यावरच त्यांचे सहकार्य वारंवार मोडले. मराठीत या व्यवहारासाठी ‘चोरटा’, ‘बेकायदेशीर’ आणि ‘अवैध’ असे तीन शब्द आहेत. पहिल्यात लपवाछपवी अभिप्रेत आहे, दुसऱ्यात विशिष्ट कायद्याचा भंग, तिसऱ्यात विधीच्या बाहेर असणे. तिन्ही शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरले जात असले तरी त्यांच्यातील अंतर केवढे आहे, हे मस्कतच्या बंदरात गेल्यावर कळते.

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः 2 जुलै 1890 च्या ब्रुसेल्स करारनाम्यापासून धरला जातो. सतरा सत्तांनी त्यावर सह्या केल्या. हेतू गुलामांच्या व्यापाराचे उच्चाटन हा होता. परंतु गुलामांची धरपकड आणि टोळ्यांमधील युद्धे यांना बंदुकांनी बळ मिळते, या युक्तिवादाने आठव्या कलमापासून शस्त्रांचा विषय आत आला. उत्तरेस 20 आणि दक्षिणेस 22 अक्षांशांच्या दरम्यानच्या आफ्रिकेत व किनाऱ्यापासून शंभर सागरी मैलांतील बेटांवर रायफली आणि सुधारलेली शस्त्रे नेण्यास बंदी घालण्यात आली. गारगोटीच्या चापाच्या, आटे नसलेल्या जुन्या बंदुकांना मात्र सवलत होती. म्हणजे बंदूक निषिद्ध नव्हती, तिची अचूकता निषिद्ध होती, आणि तीही नकाशावरील दोन रेषांच्या आत. ज्या देशांत ती तयार होई त्यांच्या कारखान्यांविषयी करारनामा मौन बाळगतो.

या रेषांचा फोलपणा इथिओपियात लगेच दिसून आला. 1889 च्या वुचाले तहाच्या अम्हारिक पाठानुसार सम्राट मेनेलिकला परराष्ट्रव्यवहारात इटलीची मदत घेण्याची मुभा होती. इटालियन पाठानुसार ते त्याच्यावर बंधन होते. भाषांतराच्या इतिहासात या सतराव्या कलमाची चर्चा पुष्कळ झाली आहे. शस्त्रांच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. इटलीने आपल्या पाठाच्या आधारे इथिओपियाची ब्रुसेल्स करारनाम्यास संमती कळवली, आणि त्यायोगे इथिओपिया शस्त्रे आयात करण्याचा हक्क असलेली सत्ता ठरली. 1 मार्च 1896 रोजी अडव्याच्या रणांगणावर इटलीचा पराभव झाला तेव्हा इथिओपियाच्या सैन्याजवळ युरोपीय बनावटीच्या रायफली होत्या, आणि त्यांतील काही खुद्द इटलीकडून आलेल्या होत्या.

मस्कत या रेषांच्या बाहेर राहिले. तेथील सुलतानाचे स्वातंत्र्य मान्य करणारे संयुक्त घोषणापत्र ब्रिटन आणि फ्रान्स यांनी 1862 मध्ये काढले होते, आणि 1844 च्या तहाने फ्रेंच व्यापाऱ्यांना तेथे मुक्त व्यापाराचा अधिकार होता. बर्मिंगहॅम आणि लिएज येथील कारखान्यांतील रायफली मस्कतला उतरत. त्यांवर पाच टक्के जकात रीतसर भरली जाई, आणि युरोपीय पेढ्यांबरोबर कच्छी भाटियांसारखे ब्रिटिश प्रजाजन असलेले हिंदी व्यापारीही या उलाढालीत होते. यात चोरटे काही नव्हते, मस्कतच्या कायद्याने बेकायदेशीरही नव्हते. डाऊ गलबतांतून हा माल मकरानच्या किनाऱ्यावर गेला, तेथून अफगाण काफिल्यांनी तो उंटांवर लादला, की तोच माल हिंदुस्थान सरकारच्या दप्तरात गुन्हा होई. 1897 च्या तिराह मोहिमेत आफ्रिदींच्या हाती आढळलेल्या रायफलींनी सरकारची झोप उडवली. पूर्वीचा सरहद्दीवरचा पठाण जझाइल घेऊन लढत असे (मराठी कागदपत्रांतील ‘जेजाला’ याच कुळातला). आता तो सरकारी शिपायाच्या तोडीची बंदूक बाळगू लागला होता.

1878 च्या अकराव्या कायद्याने याच सरकारने हिंदी प्रजेला परवान्याविना शस्त्र बाळगण्याची बंदी केली होती आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली होती. मराठीत तो ‘हत्यारांचा कायदा’ म्हणून ओळखला गेला. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. ब्रुसेल्सचे करारनामे आणि हा कायदा यांचा इतिहास निरनिराळ्या ग्रंथांत लिहिला जातो. परंतु शस्त्र कोणते याहून ते कोणाच्या हाती आहे हे पाहण्याची दृष्टी दोहोंत एकच आहे.

1898 च्या जानेवारीत सुलतान फैसल बिन तुर्की याच्याकडून एक जाहीरनामा मिळवण्यात आला. त्यान्वये मस्कतच्या पाण्यात शस्त्रवाहू जहाजांची झडती घेण्याचा अधिकार ब्रिटिश युद्धनौकांना मिळाला. त्याच महिन्यात ‘लॅपविंग’ या युद्धनौकेने ‘बलुचिस्तान’ ही आगबोट अडवून तिच्यावरील शस्त्रे उतरवली. माल ब्रिटिश पेढीचा होता. पेढीने नौदल अधिकाऱ्यावर लंडनमध्ये दावा लावला आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. 1902 मध्ये निकाल अधिकाऱ्याच्या बाजूने लागला : कृत्य जेथे घडले तेथील कायद्याने ते वैध होते, आणि तेथील कायदा काय हे सुलतानाने सांगितलेच होते. सुलतानाने ते कोणाच्या सांगण्यावरून सांगितले, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

यापेक्षाही उद्बोधक आहे हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाचा 8 ऑगस्ट 1905 चा निवाडा. सूर बंदरातील ओमानी नाखवे आपल्या गलबतांवर फ्रेंच निशाण लावीत, आणि त्या निशाणाखालील गलबताची झडती ब्रिटिशांना घेता येत नसे. फ्रान्सला असे निशाण देण्याचा अधिकार आहे काय, हा वाद ‘प्रोतेजे’, म्हणजे आश्रित, या एका फ्रेंच शब्दाच्या अर्थावर येऊन ठेपला. लवादाने ठरवले, की 2 जानेवारी 1892 पूर्वी, म्हणजे फ्रान्सने ब्रुसेल्सचा करारनामा कायम करण्यापूर्वी, असे निशाण देणे फ्रान्सला मोकळे होते. त्यानंतर मात्र 1863 पूर्वीपासून ‘प्रोतेजे’ म्हणून वागवले गेल्याचे जे सिद्ध करतील त्यांनाच ते देता येईल. चाळीस वर्षांपूर्वीचा दर्जा सिद्ध करू शकणारे नाखवे किती असणार, हे उघड आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे या काळातले हे बहुधा सर्वांत यशस्वी पाऊल, आणि ते कोशकाराच्या पद्धतीने टाकलेले होते.

मस्कतच्या शस्त्रव्यापारात एक खराखुरा भाषापंडितही होता. आंतोनां गोगुये या फ्रेंच गृहस्थाने इब्न मालिकच्या ‘अल्फिया’ या पद्यमय अरबी व्याकरणाचे फ्रेंच भाषांतर 1888 मध्ये प्रसिद्ध केले होते. पूर्वी ट्युनिशियात तो दुभाषी होता. मस्कतला येऊन तो बंदुकांचा मोठा व्यापारी झाला आणि 1909 मध्ये तेथेच वारला. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखी तो उपद्रवी माणूस होता. अरबी व्याकरणाच्या अभ्यासकांना त्याचा हा उत्तरार्ध बहुधा ठाऊक नसतो, आणि आखाताच्या इतिहासकारांना पूर्वार्ध. तो ज्या व्यापारात होता तो फ्रेंच तहाने संरक्षित होता. त्याला चोर ठरवणे कोणत्याही न्यायालयाला शक्य झाले नसते.

ब्रुसेल्स येथे 1908-09 मध्ये पुन्हा परिषद झाली. आखाताचा समावेश करण्यास फ्रान्सने नकार दिला आणि ती निष्फळ ठरली. मग ब्रिटनने एकट्याने नाकेबंदी केली. नौसेनापती एडमंड स्लेड याच्या हाताखालील जहाजे मकरानच्या किनाऱ्यावर गस्त घालू लागली, जास्कचे तारायंत्र बातम्या पुरवू लागले, आणि 1911 मध्ये किनाऱ्यावर फौज उतरवण्यात आली. 1 सप्टेंबर 1912 पासून मस्कतमध्ये सर्व शस्त्रे सुलतानाच्या वखारीत ठेवणे सक्तीचे झाले. फ्रान्सने तक्रार केली. अखेर 1914 च्या आरंभी फ्रेंच व्यापाऱ्यांना भरपाई देऊन ती मिटवण्यात आली. जे करारांनी साधले नाही ते आरमाराने आणि पैशाने साधले, हे मान्य करावे लागते. त्या यशाला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणावे काय, हा प्रश्न उरतो.

महायुद्धानंतर 10 सप्टेंबर 1919 च्या सेंट-जर्मेन करारात निषिद्ध प्रदेश विस्तारला. आफ्रिकेबरोबर त्यात ट्रान्सकॉकेशिया, इराण, अरबी द्वीपकल्प आणि ग्वादर यांची नावे आली. मकरानच्या किनाऱ्यावरील ग्वादर हे छोटे बंदर तेव्हा मस्कतच्या सुलतानाकडे होते. जागतिक करारात त्याचा स्वतंत्र उल्लेख व्हावा, यातच आधीच्या दशकाची आठवण आहे. अमेरिकेने मान्यता न दिल्याने तो करार लंगडा राहिला. 1925 साली जिनीव्हा येथे पुन्हा प्रयत्न झाला, तेव्हा इथिओपियाने आपले नाव निषिद्ध प्रदेशातून काढून घेण्यात यश मिळवले. आखाताला विशेष सागरी क्षेत्र मानण्याच्या तरतुदीविरुद्ध इराणचे प्रतिनिधी परिषद सोडून गेले. राष्ट्रसंघाच्या सदस्य राष्ट्राला टोळीवाल्यांच्या यादीत बसवणे यापुढे शक्य नव्हते. 17 जूनला करारावर सह्या झाल्या; तो अमलात कधीच आला नाही.

2001 च्या कृतिकार्यक्रमात अक्षांश नाहीत. भूगोलाची जागा राज्यसंस्थेने घेतली आहे : राज्याच्या अनुमतीने झालेला व्यवहार वैध, उरलेला अवैध. ही अनुमती कागदावर असते, आणि कागद बनवता येतो. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका अँतोनोव विमानातून रायफली व दारूगोळा टाकण्यात आला. ही शस्त्रे बल्गेरियातून निघाली होती, आणि बांगलादेशासाठी आहेत असे दाखवणारे अंतिम वापरकर्त्याचे बनावट प्रमाणपत्र त्यांच्यासोबत होते. हवाई सरहद्द ओलांडेपर्यंत तो माल कागदोपत्री वैधच होता. 8 डिसेंबर 2005 रोजी संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रांवरील खुणा व त्यांचा माग यांविषयीचा दस्तऐवज स्वीकारला तो अशाच व्यवहारांसाठी. त्याचेही स्वरूप बंधनकारक नाही. 2 एप्रिल 2013 रोजी शस्त्रव्यापार तहावर मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. राज्यसंस्था नसलेल्या गटांबाबत मसुदा दुबळा आहे आणि निर्यातदारांकडे झुकलेला आहे, असे भारताचे म्हणणे होते. पुरुलिया प्रकरणातील डॅनिश आरोपीला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने 2011 मध्ये नकार दिला, आणि नव्याने केलेली विनंती 2024 च्या ऑगस्टमध्ये तेथील न्यायालयाने पुन्हा फेटाळली. दोन्ही वेळा चर्चा शस्त्रांविषयी नव्हती. भारतीय तुरुंगात त्याला मिळणाऱ्या वागणुकीच्या हमीचे शब्द पुरेसे आहेत काय, याविषयी होती.