हाली, कलदार आणि मुकाट बदलणारे आकडे

आजच्या भागात दोन इतिहास सांगतो. एक आपल्या किनवटच्या रुपयाचा, दुसरा सी भाषेतल्या पूर्णांकांचा. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: आकडा एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गुपचूप गेला, तर भुर्दंड कोणाला?

आधी किनवट. हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ ला नांदेड जिल्ह्यात आला. त्याआधी तो आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे हैदराबादकडे होता. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, आणि तिथं इंग्रजांचा कलदार. दोन्हींचं नाव रुपया, दोन्हींत सोळा आणे. किंमत मात्र वेगळी: ७ हालीला ६ कलदार. १९५० मध्ये भारतीय चलन इकडे आलं, तेव्हाही काही काळ दोन्ही सोबत चालले, याच दरानं.

आता कागदावर नुसतं 'रुपये १००' लिहिलंय असं समजा. देणारा हाली समजला, घेणारा कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ रुपये १० आणे हाली लागतात. बेरीज कुणाचीच चुकलेली नाही, तरी एकाच्या खिशातून साडेसोळा रुपयांहून जास्त गेले. म्हणून आकड्याशेजारी 'हाली' की 'कलदार' हा शब्द हवा. प्रोग्रामिंगमध्ये त्या शब्दाला 'टाइप' म्हणतात.

सी भाषेची आई बी. तिच्यात टाइप नव्हतेच. सगळं एकाच मापाचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी पीडीपी-११ या यंत्रासाठी तिच्यात कॅरेक्टर, इंटिजर असे प्रकार आणले आणि सी घडली. या यंत्रात एक बाइट रजिस्टरमध्ये घेतला की तो आपोआप सोळा बिटांचा व्हायचा. मग भाषेनंही तेच केलं: लहान पूर्णांक हिशेबात आला की मुकाट्यानं मोठा करायचा. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले. त्या काळी ही सोय रास्तच होती.

पुढे अनसाइन्ड, म्हणजे उणे नसलेले पूर्णांक आले आणि घोळ वाढला. लहान अनसाइन्ड आकडा मोठा करताना तो अनसाइन्डच ठेवायचा की साधा करायचा, यावर कंपायलरांचं एकमत नव्हतं. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकानं किंमत जपायचा नियम निवडला. पण एक जुना नियम राहिलाच: साधा इंटिजर आणि अनसाइन्ड इंटिजर समोरासमोर आले, की साधा अनसाइन्ड होतो. त्यामुळे उणे एक हा एकापेक्षा लहान आहे का, असं विचारलं आणि तो एक अनसाइन्ड असला, तर सी 'नाही' म्हणते! बत्तीस बिटांत उणे एकचे बिट अनसाइन्ड म्हणून वाचले की ४,२९,४९,६७,२९५ होतात. बिट तेच, वाचन वेगळं. हाली-कलदारच की!

हे परीक्षेतलं कोडं नाही बरं का. बाहेरून आलेली लांबी ६४ पेक्षा जास्त नाही ना, एवढंच तपासलं. उणे एक सहज पास झालं. पुढे मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनला लांबी अनसाइन्ड लागते. तिथं ती अवाढव्य झाली आणि शेजारची मेमरी तुडवली गेली. हल्लेखोर अशाच फटीतून घुसतात.

मग रूपांतर उघड लिहिलं की संपलं? नाही. ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. एरियन ४ वरून घेतलेल्या प्रोग्राममध्ये चौसष्ट बिटांचा अपूर्णांक सोळा बिटांच्या पूर्णांकात घातला जात होता. तिथं ३२,७६७ च्या वर जागाच नाही. भाषा होती एडा, रूपांतर उघड लिहिलेलं. फक्त 'मावलं नाही तर?' याचं उत्तर त्या ओळीला दिलेलं नव्हतं.

याउलट आपलं १ एप्रिल १९५७ बघा. नये पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, पण पाव पैशाचं नाणं कुठाय? कायद्यानं आधीच लिहून ठेवलं: जवळच्या पैशात धरा, बरोबर अर्धा आला तर खालचा. दोन आण्यांचे १२, चार आण्यांचे २५. म्हणजे दोन आणे दोनदा दिले तर २४, चार आणे एकदम दिले तर २५. पैसा बुडतो खरा, पण नियम छापलेला असल्यानं तो कुठं बुडाला हे दाखवता येतं.

गो आणि रस्ट या नव्या भाषा याच वाटेनं गेल्या. तिथं वेगळ्या प्रकारचे पूर्णांक रूपांतर लिहिल्याशिवाय मिसळतच नाहीत. रस्टमध्येही 'ॲज' लिहून लहान प्रकारात घातलं तर वरचे बिट मुकाट कापले जातात. 'ट्राय-फ्रॉम' मात्र मावलं नाही तर तसं सांगतं.

सी लिहीत असाल तर जीसीसीचा 'कन्व्हर्जन' हा इशारा मुद्दाम चालू करा. 'ऑल' म्हटलं तरी त्यात तो येत नाही. सुरुवातीला शेकडो तक्रारी दिसतील. प्रत्येकीला एकच विचारा: हाली की कलदार?