हगवणीची वंशावळ

1971 साली इंग्लंडमधल्या डुकरांना एक चमत्कारिक हगवण लागली. पशुवैद्यांच्या ओळखीची हगवण टीजीई, 1946 पासून अमेरिकेत नोंदलेली, आणि ती मुख्यतः पिल्लांचा जीव घ्यायची. इथे उलटंच झालं. मोठी डुकरं हगत होती आणि अंगावर पिणारी पिल्लं बहुतेक सुटत होती. पुढे 1976 मध्ये पिल्लांनाही ती लागायला लागली. 1978 साली बेल्जियममध्ये पेन्सार्ट आणि दे बाउक यांनी तिचा कोरोनाविषाणू वेगळा काढला. त्याचं नाव सीव्ही 777.

पुढची तीसेक वर्षं आशियाबाहेर त्याची फारशी धास्ती कुणी घेतली नाही. आम्ही परळला पशुवैद्यक शिकलो तेव्हा डुक्कर हा परीक्षेत सोडून देण्याचाच प्रश्न होता! मग 2010 च्या अखेरीस दक्षिण चीनमध्ये दहा लाखांहून अधिक पिल्लं मेली. तिथे सीव्ही 777 ची लस वापरात होती, पण विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं (स्पाइकचं) जनुक बदललं होतं. या हगवणीत आठवड्याच्या आतल्या पिल्लाच्या आतड्यातले रसांकुर झिजतात, दूध पचत नाही आणि अंगातलं पाणी कमी होऊन ते दगावतं.

2013 च्या वसंतात हाच आजार अमेरिकेत उतरला. मी आयोवात नमुने तपासायचं काम करतो. त्यातला मला सर्वांत आवडणारा नमुना म्हणजे दोर. कप्प्यात सुती दोर टांगायचा, कुतूहलापोटी डुकरं तो चघळतात, मग पिळून लाळ नळीत घ्यायची. सुई नाही, किंचाळणं नाही. त्या लाळेतून विषाणूचं जनुक वाचता येतं. पूर्ण जनुकसंच 28 हजार अक्षरांचा, पण रोजच्या कामात आम्ही काट्याचाच भाग वाचतो, कारण फरक तिथे लवकर उमटतात.

अमेरिकेतला विषाणू चीनमधल्या आन्ह्वे प्रांतातल्या विषाणूशी 99 टक्क्यांहून अधिक जुळला. काही महिन्यांतच ओहायोत काट्यात अक्षरं गळालेला, काही नवी घुसलेला, त्यामानाने सौम्य असा दुसरा प्रकार हाती लागला. जुने नमुने उघडले तर तो 2013 च्या उन्हाळ्यातच हजर होता. आधी तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, एवढंच.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत कूळ सापडतं, पण माणूस कुठल्या रस्त्याने आला ते नसतं. आमचंही तसंच. अमेरिकी कृषी खात्याने 2015 मध्ये खाद्याच्या मोठ्या, पुन्हा वापरायच्या पिशव्यांवर संशय ठेवला, पण ठाम पुरावा मिळाला नाही. कॅनडात 2014 च्या जानेवारीत साथ आली तेव्हा खाद्यात घालायच्या डुकराच्या रक्तद्रवाच्या भुकटीत विषाणू सापडला. ती भुकटी पिल्लांना थेट दिली तर लागण झाली. तीच मिसळलेलं खाद्य दिलं तर झाली नाही.