पाहुण्यांचे बर्लिन आणि कलम १७५

१/ मार्च १९३३ मधले बर्लिनचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. मोट्झस्ट्रासे या रस्त्याच्या कोपऱ्यावरची इमारत, दर्शनी भागावर ‘एल्डोराडो’ हे नाव आणि ‘हीच ती योग्य जागा’ अशा अर्थाची पाटी. खिडक्यांवर मात्र स्वस्तिके आणि हिटलरच्या पक्षाला मत देण्याचे आवाहन. समोर पोलीस उभे आहेत.

२/ वर्षभरापूर्वीपर्यंत याच दारातून लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कचे प्रवासी आत जात असत. दोन महायुद्धांच्या दरम्यान समलैंगिक आणि पारलिंगी माणसांचे बर्लिनइतके मोकळे स्वागत करणारे शहर जगात दुसरे क्वचितच होते. ते स्वागत कसे उभे राहिले आणि काही महिन्यांत कसे कोसळले, याचा हा धागा.

३/ प्रारंभ कायद्यापासून करावा लागेल. जर्मन साम्राज्याच्या दंडसंहितेचे कलम १७५ पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. ही संहिता १ जानेवारी १८७२ रोजी लागू झाली. त्याआधी बरोबर दहा वर्षे, १ जानेवारी १८६२ रोजी, ब्रिटिशांनी भारतात लागू केलेल्या दंडसंहितेत कलम ३७७ होतेच. जर्मन कलमात स्त्रियांचा उल्लेख नव्हता. समाजाचा रोष मात्र त्यांच्याही वाट्याला येई.

४/ मग अशा देशाच्या राजधानीत ही मोकळीक आली कोठून? उत्तर अनपेक्षित आहे : पोलिसांकडून. बदनामीची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्या टोळ्या कलम १७५ च्या आधारावर पोसल्या जात होत्या. त्यांना आवर घालण्यासाठी बर्लिन पोलिसांनी १८८० च्या दशकात एक स्वतंत्र विभाग नेमला. मद्यगृहे आणि नृत्यसमारंभ बंद पाडण्यापेक्षा त्यांवर नजर ठेवणे सोयीचे, असे धोरण अधिकारी लेओपोल्ड फॉन मेअरशाइट-हुलेसेम याने स्वीकारले.

५/ नजर ठेवणे म्हणजे नोंद ठेवणे. संशयित पुरुषांची नावे पोलिसांच्या दप्तरात जमा होत गेली. त्या काळी ही व्यवस्था बहुतेकांना दिलासा वाटली, कारण निदान रात्रीच्या मेजवानीवर धाड पडत नव्हती. या दप्तराकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

६/ १५ मे १८९७ रोजी बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्गमध्ये डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी ‘वैज्ञानिक-मानवतावादी समिती’ स्थापन केली. समलैंगिकांच्या हक्कांसाठी उभी राहिलेली ही जगातील पहिली संघटना मानली जाते. कलम १७५ रद्द करण्याची मागणी करणारा अर्ज तिने संसदेपुढे ठेवला. जानेवारी १८९८ मध्ये समाजवादी नेते आउगुस्ट बेबेल यांनी सभागृहात त्याची बाजू मांडली. कालांतराने अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यासारख्यांनीही त्यावर सही केली.

७/ १९०४ मध्ये हिर्शफेल्ड यांनी बर्लिनमधील या जगावर एक छोटे पुस्तक लिहिले. मद्यगृहे, नाताळच्या संध्याकाळी एकत्र जमणारी घराबाहेर काढलेली मुले, एकमेकांना सांभाळणारी जोडपी : शहराच्या पोटातले हे दुसरे शहर त्यांनी वाचकांपुढे ठेवले. बर्लिनची ख्याती सीमेपार जाण्यास तेव्हापासूनच प्रारंभ झाला होता.

८/ १९१८ मध्ये महायुद्ध हरले, कैसर पळाला आणि प्रजासत्ताक आले. १९१९ च्या राज्यघटनेने छापील मजकुरावरील सेन्सॉरशिप उठवली. त्याच वर्षी ‘डी फ्रॉइंडशाफ्ट’ (‘मैत्री’) हे समलैंगिकांचे नियतकालिक रस्त्यावरच्या वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर उघडपणे विकले जाऊ लागले. १९२४ पासून ‘डी फ्रॉइंडिन’ (‘मैत्रीण’) हे स्त्रियांचे नियतकालिक निघाले. परगावाहून आलेल्या माणसाला आपल्यासारखी माणसे कोठे भेटतील, हे त्यातल्या जाहिराती सांगत असत.

९/ ६ जुलै १९१९ रोजी टिअरगार्टन उद्यानालगत हिर्शफेल्ड यांची ‘लैंगिक विज्ञान संस्था’ सुरू झाली. दवाखाना, ग्रंथालय, संग्रहालय, व्याख्यानगृह आणि राहण्याच्या खोल्या, सारे एकाच छताखाली. लिंगबदलाच्या आरंभीच्या शस्त्रक्रियांपैकी काहींशी या संस्थेचे नाव जोडलेले आहे. त्यांतील एक रुग्ण डोरा रिश्टर संस्थेतच घरकाम करून राहत असे. बाहेर तिला नोकरी मिळणे दुरापास्त होते.

१०/ पारलिंगी व्यक्तीने स्वतःच्या पसंतीचा पोशाख घालून रस्त्यावर फिरले, तर ‘सार्वजनिक उपद्रव’ म्हणून अटक होण्याची भीती असे. हिर्शफेल्ड यांच्या वैद्यकीय मताच्या आधारे बर्लिन पोलीस अशा व्यक्तींना दाखला देत. दाखला खिशात असला की पहारेकरी सोडून देई. म्हणजे संरक्षण होते, पण तेही पोलिसांच्या शिक्क्याचे.

११/ हे सौम्य वातावरण साऱ्या जर्मनीत होते असे समजणे चूक ठरेल. १९२० मध्ये म्युनिकमधील व्याख्यानानंतर हिर्शफेल्ड यांना इतकी बेदम मारहाण झाली, की काही वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमी छापली. स्वतःचे मृत्युलेख त्यांनी स्वतः वाचले. ते ज्यू होते, समाजवादी विचारांचे होते आणि समलैंगिकही होते. नाझींना हवे असलेले सर्व ‘अपराध’ एकाच माणसात एकवटले होते.

१२/ १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये समलैंगिकांची ऐंशी ते शंभर ठिकाणे असावीत, असा अंदाज केला जातो. कामगार वस्तीतली साधी बिअरगृहे होती, श्रीमंतांचे क्लब होते, स्त्रियांचे स्वतंत्र नृत्यगट होते. ‘एल्डोराडो’त तर निव्वळ तमाशा पाहायला येणाऱ्यांचीच गर्दी अधिक असे. टोकन विकत घ्यावे आणि स्त्रीवेशातील कलाकाराबरोबर नाचावे, अशी तेथे सोय होती. चित्रकार ओटो डिक्स याने १९२७ मध्ये हे ठिकाण रंगवले.

१३/ प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तकेही निघाली. १९२८ मध्ये रूथ रोएलिग हिने बर्लिनमधील लेस्बियन स्त्रियांच्या क्लबांची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रस्तावना हिर्शफेल्ड यांची होती. कोणत्या क्लबात कोण येते, वातावरण कसे असते, हे ती नवख्या वाचकाला जिव्हाळ्याने सांगते. १९३१ मध्ये कुर्ट मोरेक याने ‘बदफैली बर्लिन’ची वाटाडी लिहिली. या दुसऱ्या पुस्तकाचा सूर उघडच प्रेक्षकाचा होता.

१४/ या पाहुणचाराला पैशाचीही बाजू होती. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. खिशात परकीय चलन असलेला सामान्य प्रवासी येथे राजासारखा राहू शके. १९२९ नंतर बेकारी वाढली, तेव्हा अनेक गरीब तरुण मद्यगृहांत देहविक्रय करू लागले. प्रवाशाला जे स्वातंत्र्य दिसले, त्यातला काही भाग स्थानिकांच्या भुकेवर उभा होता.

१५/ १९२८ मध्ये इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडन बर्लिनला आला. मार्च १९२९ मध्ये त्याला भेटायला त्याचा मित्र ख्रिस्तोफर इशरवूड आला, आणि वर्ष संपण्याआधी पुन्हा येऊन तेथेच राहिला. काही काळ तो हिर्शफेल्ड यांच्या संस्थेच्या आवारात राहत होता. नंतर त्याने नोलेनडॉर्फस्ट्रासेवर खोली घेतली. त्याच्या बर्लिनकथांवरूनच पुढे ‘कॅबरे’ हे संगीतनाट्य आणि १९७२ चा चित्रपट निघाला. जगाच्या मनातले बर्लिन बरेचसे या एका प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

१६/ या सगळ्या काळात कलम १७५ जसेच्या तसे होते. १६ ऑक्टोबर १९२९ रोजी संसदेच्या दंडविधान समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी ते काढून टाकण्याच्या बाजूने कौल दिला. बत्तीस वर्षांच्या लढ्याला यश आले असे वाटले. पण दोनच आठवड्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, जर्मनीचे राजकारण विस्कटले आणि ते विधेयक सभागृहापुढे मंजुरीला आलेच नाही.

१७/ १९३० च्या अखेरीस हिर्शफेल्ड जगप्रवासाला निघाले. अमेरिका, जपान आणि चीन करत १९३१ मध्ये ते भारतात आले. त्या वेळी मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून चालवत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मराठीत, शास्त्राच्या आधारे उत्तरे देत होते. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटला हरला, मासिक चालू राहिले.

१८/ १९३२ मध्ये हिर्शफेल्ड युरोपात परतले, परंतु मायदेशी जाणे धोक्याचे आहे असा इशारा त्यांना मिळाला होता. त्यांनी जर्मनीत पुन्हा पाऊल ठेवले नाही. त्याच वर्षी २० जुलैला चान्सेलर फॉन पापेन यांनी प्रशियाचे निर्वाचित सरकार बरखास्त केले. बर्लिन पोलीस नव्या हातांत गेले आणि समलिंगी जोडप्यांच्या नृत्यांवर बंदी आली. हिटलर सत्तेवर येण्यास अजून काही महिने होते.

१९/ हा तपशील महत्त्वाचा आहे. बर्लिनची मोकळीक संपवण्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही, कारण ती मोकळीक कायद्याने दिलेलीच नव्हती. पोलीसप्रमुख बदलला आणि धोरण बदलले. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाझींनी उरलेली ठिकाणे बंद करण्याचा आदेश काढला, तोही जुन्याच अधिकारांच्या बळावर.

२०/ ६ मे १९३३ रोजी सकाळी नाझी विद्यार्थ्यांनी बँडच्या तालावर हिर्शफेल्ड यांच्या संस्थेवर चाल केली. दुपारी वादळी दलाचे सैनिक आले. १० मे रोजी ऑपेरा चौकातील होळीत संस्थेची हजारो पुस्तके जळाली. पुस्तकांच्या होळीची जी चित्रे शालेय पुस्तकांत असतात, ती याच रात्रीची. त्या आगीत काय होते, हे चित्राखाली क्वचितच लिहिलेले असते.

२१/ हिर्शफेल्ड यांनी ही होळी पॅरिसच्या चित्रपटगृहात, वृत्तपटात पाहिली. १४ मे १९३५ रोजी, आपल्या ६७ व्या वाढदिवशी, फ्रान्समधील नीस येथे त्यांचे निधन झाले.

२२/ आता त्या दप्तराकडे. ऑक्टोबर १९३४ मध्ये गेस्टापोने देशभरातील पोलीस ठाण्यांकडून समलैंगिक पुरुषांच्या याद्या मागवल्या. ज्या नोंदी एकेकाळी सहिष्णुतेची किंमत म्हणून सोसल्या गेल्या, त्या आता शिकारीचे साधन झाल्या. १९३५ मध्ये कलम १७५ अधिक कठोर करण्यात आले. नाझी काळात सुमारे ५०,००० पुरुषांना शिक्षा झाल्या. ५,००० ते १५,००० जणांना छळछावण्यांत पाठवण्यात आले, तेथे त्यांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला जाई.

२३/ पाहुणा आणि रहिवासी यांच्यातला फरक एका जोडीच्या कथेत दिसतो. मे १९३३ मध्ये इशरवूड बर्लिन सोडून निघाला, सोबत त्याचा जर्मन सखा हाइन्झ नेडरमायर होता. इशरवूडकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. जानेवारी १९३४ मध्ये हाइन्झला इंग्लंडच्या बंदरातूनच परत पाठवण्यात आले. चार वर्षे दोघे देशामागून देश बदलत राहिले. १९३७ मध्ये हाइन्झला जर्मनीत परतावे लागले, आणि गेस्टापोने त्याला पकडले. तुरुंग, सक्तीची मजुरी, मग सैन्य, अशी शिक्षा झाली. तो जगला. इशरवूड तोवर सुरक्षित होता.

२४/ १९४५ मध्ये छावण्या मोकळ्या झाल्या, कलम राहिले. पश्चिम जर्मनीने नाझींनी कठोर केलेले रूपच १९६९ पर्यंत चालू ठेवले. त्या काळात आणखी सुमारे ५०,००० पुरुष दोषी ठरले. गुलाबी त्रिकोण मिरवलेल्यांना नुकसानभरपाई नव्हती, उलट ते कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच होते. कलम १७५ पूर्णपणे रद्द झाले ते १९९४ मध्ये. युद्धोत्तर शिक्षा रद्द करणारा कायदा तर २०१७ मध्ये आला. भारतात कलम ३७७ चा हा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरवला.

२५/ कलम १७५ एकूण १२२ वर्षे टिकले. ज्या चौदा वर्षांना बर्लिनचे सुवर्णयुग म्हटले जाते, ती सगळी या १२२ वर्षांच्या पोटातच येतात.

२६/ आज नोलेनडॉर्फप्लाट्झचा परिसर पुन्हा इंद्रधनुषी पताकांनी सजलेला असतो आणि जगभरातून प्रवासी येतात. मेट्रो स्थानकाच्या भिंतीवर १९८९ मध्ये लावलेला गुलाबी ग्रॅनाइटचा एक त्रिकोण आहे. मारले गेलेल्या आणि मग विस्मरणात ढकलल्या गेलेल्या माणसांचे ते स्मारक. बहुतेक जण त्याच्या शेजारून जिना उतरतात आणि मोट्झस्ट्रासेकडे वळतात. ‘एल्डोराडो’चा तो कोपरा तेथून पायी काही मिनिटांवर आहे.