सेवा, व्यवसाय आणि ‘अशील’ : मुंबईतील समाजकार्याच्या उदयाचा एक विचार

‘पगारी समाजसेवक’ हे दोन शब्द मराठीत शेजारी आले की ऐकणाऱ्याच्या मनात काहीसा संशय उत्पन्न होतो. शिक्षकाने वेतन घ्यावे, वैद्याने घ्यावे, वकिलाने तर अवश्य घ्यावे. परंतु दुःखिताच्या मदतीस जाणाऱ्याने महिन्याच्या अखेरीस पगारपत्रकावर सही करावी, ही गोष्ट मराठी मनास अद्याप पूर्णपणे पटलेली नाही. या संशयाचे मूळ बऱ्याच अंशी शब्दांतच आहे.

‘सेवा’ हा शब्द संस्कृत ‘सेव्’ धातूपासून आलेला. सान्निध्यात राहणे, उपासना करणे, हे त्याचे जुने अर्थ होत. देवाची सेवा, गुरूची सेवा, मातापित्यांची सेवा या प्रयोगांत सेव्य हा श्रेष्ठ आणि सेवक हा कनिष्ठ असतो. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘दान’ शब्दाची रीत याच्या उलट आहे. तेथे देणारा वर आणि घेणारा खाली. विसाव्या शतकात ‘समाजसेवा’ हा समास सर्रास रूढ झाला, तेव्हा या दोन रीतींची सरमिसळ झाली. शब्दाप्रमाणे पाहता सेवक नम्र व समाज पूज्य. वस्तुस्थिती पाहता सेवक सुशिक्षित व सुस्थित, आणि ज्याची सेवा व्हावयाची तो चाळीतील कामगार, परित्यक्ता स्त्री किंवा अनाथ मूल. सेवेच्या भाषेत दानाचा व्यवहार चालू राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

समाजकार्य हा साहाय्याचा व्यवसाय कसा बनला, याची हकीकत बहुधा एका ठराविक क्रमाने सांगितली जाते. प्रथम दयाळू व्यक्ती, मग संस्था, मग प्रशिक्षण आणि शेवटी वेतन. हा क्रम खोटा नाही. परंतु तेवढ्याने या स्थित्यंतराचे मर्म हाती लागत नाही. साहाय्य करणारा कोणास उत्तरदायी असतो, हा खरा प्रश्न आहे. मुंबई व पुणे येथील घटनांकडे या दृष्टीने पाहिल्यास त्यांचा अर्थ निराळा दिसू लागतो.

१

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसगत झालेल्या विधवांना तेथे येऊन निर्भयपणे बाळंत होता यावे, त्यांचे नाव बाहेर फुटू नये आणि मूल स्वतःजवळ ठेवावयाचे की गृहाच्या स्वाधीन करावयाचे याचा निर्णय त्यांनीच करावा, अशा आशयाची सूचना लावण्यात आली होती, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. या सूचनेत दोन तत्त्वे आहेत. एक गुप्ततेचे, दुसरे आत्मनिर्णयाचे. पुढे विसाव्या शतकात समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांनी हीच तत्त्वे व्यवसायाची आधारभूत मूल्ये म्हणून सांगितली. पुण्यात मात्र ती कोणत्याही विद्यापीठाने शिकविण्यापूर्वी, परिस्थितीच्या रेट्याने आणि ज्यांना साहाय्य हवे होते त्यांच्या बाजूने विचार केल्यामुळे आचरणात आली होती.

उत्तरदायित्वाचा पेच किती बिकट असू शकतो, हे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाच्या इतिहासावरून कळते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढील वर्षी पुण्यास गेली. तिला पैसा अमेरिकेतील मंडळाकडून मिळत असे आणि येथील प्रतिष्ठित सुधारकांचे एक सल्लागार मंडळ तिच्यावर देखरेख करीत असे. सदनातील काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसू लागल्या. त्यावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला. या वादाची चर्चा धर्मांतराच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. परंतु त्यात आणखीही एक प्रश्न दडलेला होता. संस्था उत्तरदायी कोणास? पैसा देणाऱ्यांस, पालकांस, सुधारकांच्या मंडळास, की ज्या बालविधवांसाठी ती निघाली त्यांस? त्या मुलींचे स्वतःचे म्हणणे या वादात फारच थोडे ऐकू येते, हेच त्या काळाचे लक्षण होय.

२

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोन नव्या कल्पना पुढे आल्या. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. नवागत सभासदाने पाच वर्षे शिक्षण घ्यावे, देशाची परिस्थिती अभ्यासावी आणि संस्थेकडून मिळणाऱ्या बेताच्या निर्वाहवेतनावर संतुष्ट राहून स्वतःसाठी द्रव्यार्जन करू नये, असा तेथील दंडक होता. म्हणजे प्रशिक्षण आणि वेतन या दोन्ही गोष्टी येथे आल्या. परंतु त्या व्रताच्या चौकटीत आल्या. त्याग आणि तयारी यांची सांगड घालण्याचा हा प्रयत्न पुढील व्यवसायाचा एक पूर्वज मानला पाहिजे.

याच संस्थेचे सभासद नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावातील वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, औषधोपचार अशी कामे लीगने हाती घेतली. तथापि सामाजिक परिस्थितीविषयी माहिती गोळा करणे व तिचा अभ्यास करणे हाही लीगच्या उद्दिष्टांचा भाग होता, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. मदत करण्यापूर्वी पाहावे, मोजावे, विचारावे, ही वृत्ती येथे प्रथमच संस्थेच्या रूपाने दिसते. अशा पाहणीतून निघणारे निष्कर्ष नेहमीच सोयीचे असतात असे नाही. कामगाराच्या दैन्याचे कारण त्याच्या अज्ञानापेक्षा त्याची मजुरी, कामाचे तास आणि राहण्याची जागा यांत अधिक आहे, असे दिसू लागले तर वाचनालय पुरे पडत नाही. जोशींचे आयुष्य या तर्काची साक्ष देते. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते.

३

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत समाजकार्य आपली व्यवसाय म्हणून ओळख शोधीत होते. लंडनमध्ये १८६९ साली निघालेल्या धर्मादाय संघटन संस्थेने प्रत्येक अर्जदाराची चौकशी करून मगच मदत देण्याची पद्धत घातली. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोतील हल हाऊस (१८८९) यांनी दुसरा मार्ग धरला. कार्यकर्त्यांनी गरीब वस्तीतच जाऊन राहावयाचे. पहिल्या मार्गात व्यक्तीची चिकित्सा होती, दुसऱ्यात वस्तीचा सहवास. मेरी रिचमंड यांचा ‘सामाजिक निदान’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि व्यक्तिसाहाय्य कार्यास त्याने शास्त्रशुद्ध बैठक दिली. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९१५ मध्ये, बाल्टिमोर येथील परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांनी समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, असा प्रश्न उपस्थित करून त्याचे उत्तर नकारार्थी दिले होते. वैद्य, वकील, शिक्षक यांच्यामध्ये दुवा जुळविणाऱ्या या कार्यास स्वतःचे निश्चित क्षेत्र व स्वतःचे तंत्र नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी पुढील पिढीने तंत्रावर अधिकाधिक भर दिला, हे स्वाभाविकच होते.

मुंबईत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये आलेल्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी पुढील वर्षी नागपाडा नेबरहुड हाऊस सुरू केले. निरनिराळ्या धर्मांच्या व भाषांच्या दाट वस्तीतील हे केंद्र वस्तीवासाच्या परंपरेतील होते. केवळ सदिच्छेवर हे काम चालत नाही, त्यासाठी प्रशिक्षित कार्यकर्ते हवेत, हा विचार तेथील अनुभवातून दृढ झाला. १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा विश्वस्त निधी स्थापन झालेला होता. त्या निधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय उघडले आणि मॅन्शर्ट त्याचे पहिले संचालक झाले. भारतातील समाजकार्याचे हे पहिले व्यावसायिक विद्यालय. १९४४ मध्ये त्यास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ते देवनारच्या वास्तूत गेले आणि १९६४ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये निघाली. तिच्या नावात ‘सेवा’ हा जुना शब्द कायम राहिला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास सूचक वाटेल.

प्रशिक्षित कार्यकर्त्यास जागाही निर्माण होत होत्या. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाने बालगुन्हेगारांचा वेगळा विचार सुरू झाला होता. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे मालकावर बंधनकारक केले. पण येथेच जुना पेच नव्या रूपाने उभा राहिला. कल्याण कामगाराचे, वेतन मालकाचे. संप झाला म्हणजे या अधिकाऱ्याने कोणाच्या बाजूस उभे राहावे, याचे उत्तर प्रशिक्षणाने आपोआप मिळत नव्हते.

४

विद्यालय निघण्यापूर्वी चार वर्षे या विषयावर एक मूलगामी टीका लिहिली गेली होती. समाजकार्याच्या इतिहासात तिला मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. अस्पृश्यतानिवारणासाठी १९३२ मध्ये स्थापन झालेल्या संघाचे कार्यवाह अमृतलाल ठक्कर यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एक विस्तृत पत्र पाठविले. साहाय्याच्या कार्यामागे दोन भिन्न गृहीते असतात, असे त्यांनी त्यात दाखविले. पहिल्याप्रमाणे माणसाच्या दुरवस्थेचे कारण त्याचे स्वतःचे आचरण. म्हणून मद्यपान, अस्वच्छता इत्यादी दोष घालवून व्यक्ती सुधारावी. दुसऱ्याप्रमाणे दुरवस्थेचे कारण तिच्या भोवतालची प्रतिकूल परिस्थिती. म्हणून परिस्थितीशीच झगडावे. त्यांचा कौल दुसऱ्या बाजूस होता. नागरी हक्क, समान संधी आणि सामाजिक व्यवहार यांसाठी संघाने चळवळ करावी, आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्यावेत, कारण ज्यांना या कार्याविषयी जिव्हाळा आहे तेच ते खऱ्या निष्ठेने करतील, असा त्यांचा आग्रह होता.

या पत्रातील विचार व्यवसायाच्या विरोधी आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. कोलंबिया व लंडन येथे समाजशास्त्रे अभ्यासलेल्या विद्वानाने शास्त्रीय ज्ञानाचा अव्हेर करणे संभवनीयच नव्हते. तंत्र कोणाच्या हाती आहे आणि ते कोणत्या गृहीतावर उभे आहे, एवढेच त्यांनी विचारले. भारतीय समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत दीर्घकाळ व्यक्तिसाहाय्य, गटकार्य व समुदाय संघटन हे अमेरिकेतून आलेले विभाग प्रमुख राहिले. जातीचा प्रश्न त्यांच्या कडेला पडला. या उणिवेची जाणीव पुढील दशकांत होत गेली, आणि ती होताना अभ्यासकांना या पत्राकडे वळावे लागले.

५

पुन्हा शब्दांकडे वळणे येथे उचित ठरेल. ‘व्यवसाय’ या शब्दाचा आज रूढ असलेला अर्थ उपजीविकेचा उद्योग असा आहे. पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ निश्चय, निर्धार असा होतो आणि गीतेतही तो त्याच अर्थाने येतो. इंग्रजीतील ‘प्रोफेशन’ शब्दाच्या मुळाशीही जाहीरपणे दिलेले वचन, हाच अर्थ आहे. या दोन भाषांनी स्वतंत्रपणे जपलेल्या अर्थाप्रमाणे व्यावसायिक म्हणजे ज्याने काही गोष्टींविषयी उघडपणे स्वतःस बांधून घेतले आहे तो. वेतन हे त्या बांधिलकीचे साधन होय. वेतन घेणाऱ्यास जाब विचारता येतो. पुण्यासाठी येणाऱ्यास तो विचारता येत नाही; तो आला हेच उपकार.

परंतु जाब विचारावयाचा कोणी? साहाय्य घेणाऱ्या व्यक्तीस मराठीत ‘आश्रित’ म्हटले गेले, सरकारी कागदपत्रांत ‘लाभार्थी’ म्हटले गेले, पाठ्यपुस्तकांत ‘सेवार्थी’ म्हटले गेले. या तिन्ही शब्दांत ती व्यक्ती काही मागणारी आहे. मराठीत मात्र आणखी एक शब्द न्यायालयाच्या आवारात फार दिवसांपासून वापरात आहे. तो म्हणजे ‘अशील’. हा शब्द अरबीतून आला. ‘अस्सल’, ‘असल’, ‘असली’ यांच्याशी त्याचे नाते असून त्याचा अर्थ मूळ माणूस असा आहे. वकील हा केवळ त्याचा प्रतिनिधी. खटला अशिलाचा, निर्णय अशिलाचा, आणि वकीलपत्र काढून घेण्याचा अधिकारही अशिलाचा.

२०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्याने वैद्यकीय व मनोरुग्ण क्षेत्रांतील समाजकार्यकर्त्यांना मान्यताप्राप्त व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले. फ्लेक्सनर यांच्या प्रश्नास कायद्याने दिलेले हे अंशतः होकारार्थी उत्तर म्हणता येईल. पण नोंदणी, पदवी आणि वेतन यांनी व्यवसायाचे केवळ बाह्यांग पुरे होते. पुण्यातील त्या सूचनेने अनाम विधवेस जो निर्णयाचा अधिकार दिला होता, तो आज रुग्णालयाच्या कक्षात, बालगृहात किंवा पुनर्वसनाच्या वसाहतीत मदत घेणाऱ्यास कितपत मिळतो, यावरच हा व्यवसाय खरोखर व्यवसाय झाला की दानानेच नवे नाव धारण केले, याचा निवाडा व्हावयाचा आहे.