टकलावरील गोळीचा इतिहास

टक्कल हा आपल्याकडे थट्टेचा विषय. कोणी त्यास बुद्धीचे लक्षण म्हणतो, कोणी संपत्तीचे. उपवर मुलाच्या घरी मात्र ते विघ्न ठरते. आमच्या जोयडा तालुक्यात यावर माक्याचे तेल चोळीत, आणि केस आले नाहीत तरी निदान डोके थंड राही. अलीकडे दांडेली-बेळगावच्या औषधदुकानांतून फिनास्टेराइड नावाची लहानशी गोळी येथील तरुणांच्या हाती येऊ लागली आहे. तिचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावाचून तिची जोखीम उमगावयाची नाही.

खोजांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नावावर प्राचीन काळापासून चालत आले आहे. त्याची शास्त्रीय कसोटी लागली ती 1942 साली. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने तारुण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांची पाहणी केली. त्यांच्या डोक्यावरील केस शाबूत होते. परंतु ज्यांच्या कुळात टक्कल होते, त्यांना पुरुषी संप्रेरक दिल्यावर टक्कल पडू लागले. एकटे कूळ वा एकटे संप्रेरक पुरेसे नव्हे, दोहोंची गाठ पडावी लागते.

पुढचा धागा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास या खेड्यात सापडला. तेथील काही मुले जन्मतः मुली समजून वाढविली जात आणि वयात येताना त्यांचे पुरुषपण प्रकट होई. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली याचा उलगडा केला. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर संप्रेरकात रूपांतर करणारे विकरच त्या मुलांत उणे होते. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि टक्कल पडत नसे. तेच विकर औषधाने रोखण्याचा मार्ग मर्क कंपनीने धरला. 1992 साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या वाढीसाठी 5 मिलिग्रॅमची गोळी मान्य झाली. डिसेंबर 1997 मध्ये टकलासाठी 1 मिलिग्रॅमची.

आता पाहा, ज्या द्रव्याच्या अभावाने सालिनासच्या बालकांची घडण बदलली, तेच द्रव्य ही गोळी रक्तातून सुमारे दोन-तृतीयांशाने घटविते. ती केवळ टाळूपुरती राहत नाही. म्हणूनच गर्भवतीने फुटक्या गोळीस हात लावू नये, पोटातील पुत्रगर्भास अपाय संभवतो, असा इशारा दिलेला असतो. पुरुषांवरील चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांनी कामविषयक तक्रारी सांगितल्या, तर नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी 2.1 टक्क्यांनी. औषध थांबविल्यावर या तक्रारी मिटल्या, असे आरंभीच्या माहितीपत्रकात होते. तथापि औषध सोडूनही तक्रारी टिकल्याची नोंद अमेरिकेतील माहितीपत्रकात 2011 व 2012 साली करावी लागली. 2022 साली आत्महत्येच्या विचारांचा उल्लेख आला, आणि मे 2025 मध्ये युरोपच्या औषधसुरक्षा समितीनेही तो दुष्परिणाम मान्य केला. टिकून राहणाऱ्या तक्रारींच्या कारणाविषयी वैद्यांत एकवाक्यता नाही. बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरे. परंतु 1998 साली गोळी घेणाऱ्याने जी संमती दिली, ती अपुऱ्या माहितीवर दिली होती, आणि आम्हा वकिलांच्या दृष्टीने अशी संमती लंगडीच.

आपला कायदा या बाबतीत मोठा मौजेचा आहे. 1945 च्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात कर्करोग, मधुमेह यांच्या पंक्तीस टक्कलही बसविले आहे. ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करावयाचा नाही. आणि फिनास्टेराइड ‘एच’ परिशिष्टात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री नाही. व्यवहारात जोयड्याहून बेळगावला जाणाऱ्या शेजाऱ्याजवळ रिकामे पाकीट दिले की भरलेले येते. चिठ्ठी देणाऱ्याने मनाची उदासी पूर्वी होती काय हे विचारावयाचे असते. प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा या गोळीने निम्म्यावर येतो, तेव्हा तो दुप्पट करून वाचावा लागतो, हे सांगावयाचे असते. अखेरच्या गोळीनंतर महिनाभर रक्तदान वर्ज्य, हेही. शेजाऱ्याच्या पिशवीतून गोळ्या येतात, हे प्रश्न येत नाहीत. आणि गोळी सोडली की राखलेले केस वर्षभरात गळतात, हे तर पाकिटावरही ठळक अक्षरांत आम्हांस दिसले नाही.