आधी डोंगर, मग लिफ्ट: दोन स्नोबोर्डांची गोष्ट

चार वर्षांपूर्वी मी इथे सॉल्ट लेक सिटीत स्वतःचा पहिला स्नोबोर्ड घेतला. का घेतला? दिसायला देखणा होता म्हणून. लांब रुंद नाक, शेपटी मधोमध खाचलेली, माशासारखी. दुकानदाराने विचारलं, "रिसॉर्टमध्येच चालवणार ना?" मी हो म्हटलं, तो पुढे काही बोलला नाही. पहिल्याच शनिवारी, रात्रीत गोठून टणक झालेल्या सपाट उतारावर मी इतक्यांदा आपटलो की सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत हात टेकून बसावं लागलं.

तो होता फ्रीराइड बोर्ड. मला हवा होता ऑल-माउंटन. माझी समजूत अशी, की ऑल-माउंटन शिकाऊंचा आणि फ्रीराइड म्हणजे पुढची इयत्ता. ही शेपटी आली कुठून हे शोधायला गेलो, तेव्हा कळलं की क्रम उलटाच आहे.

25 डिसेंबर 1965. मिशिगनमधलं मस्केगन गाव. शर्मन पॉपेन या अभियंत्याने घरातल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की शेजारी-शेजारी जोडल्या. बायकोने, नॅन्सीने, स्नो आणि सर्फ जोडून नाव ठेवलं स्नर्फर. पुढे नाकाला दोरीही आली. पण पाय बांधायला काही नाही, पोलादी कडा नाहीत. म्हणजे टणक बर्फावर ही फळी वळवणं मुश्किलच, चालायची ती मऊ बर्फात.

मग दिमित्री मिलोविच. कॉर्नेलमध्ये शिकताना हा कॅफेटेरियाच्या ट्रेवर बसून घसरायचा. नंतर आला आमच्या यूटाला, कारण इथला बर्फ कोरडा, हलका, पिठासारखा. 1970च्या दशकात त्याच्या विंटरस्टिक कंपनीने सर्फबोर्डवरून उचललेली दुभंगलेली शेपटी बोर्डाला लावली. शेपटी बुडते, नाक वर तरंगतं, मागच्या पायावर ताण कमी येतो. आजच्या फ्रीराइड बोर्डाचं गणित तेच: पाय थोडे मागे, शेपटीपेक्षा नाक काही मिलिमीटर रुंद, बोर्ड जरा कडक. थोडक्यात, माझी ती माशाची शेपटी माझ्याच गावच्या डोंगरांसाठी घडलेली होती, आणि मी ती नेली लिफ्टखालच्या गुळगुळीत रस्त्यावर!

ऑल-माउंटन जन्मला त्या रस्त्यामुळेच. जेक बर्टनने 1977 मध्ये व्हरमाँटात बोर्ड बनवायला घेतले. 1979 मध्ये तो मस्केगनच्या स्नर्फर स्पर्धेत पाय बांधायची सोय असलेला बोर्ड घेऊन गेला, तर हा स्नर्फरच नव्हे म्हणून वाद झाला. शेवटी त्याच्यासाठी वेगळा खुला गट काढला आणि तो त्यात जिंकलासुद्धा. खरी अडचण पुढेच होती. रिसॉर्टवाले लिफ्टवर घेईनात. व्हरमाँटच्या स्ट्रॅटनने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दार उघडलं, हळूहळू बाकीच्यांनीही. (आमच्या अल्टात अजून बंदी आहे बरं का, फक्त स्कीवाले!) आत शिरायचं तर टणक उतारावर ताबा हवा, म्हणून पोलादी कडा आल्या. मग स्केटबोर्डवाली पोरं हाफपाइपमध्ये उड्या मारायला लागली आणि उलटंही चालता यावं म्हणून नाक-शेपूट सारखी झाली. या सगळ्यांची तडजोड म्हणजे ऑल-माउंटन.

क्रेग केली मात्र उलट दिशेने गेला. चार वेळा जगज्जेता, ऐन भरात स्पर्धा सोडून दूरच्या मोकळ्या डोंगरांत. पुढे तो कॅनडात पर्वत-मार्गदर्शक व्हायचं शिक्षण घेत होता. 20 जानेवारी 2003 रोजी रेव्हलस्टोकजवळ हिमस्खलनात सात जण गेले, त्यांत तो होता. वय 36. इतका जाणता माणूस, सोबत अनुभवी मार्गदर्शक, तरीही. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या देखण्या बोर्डाकडे बघत बसलो.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी विचारतो: दहापैकी किती दिवस लिफ्टखाली? आठ-नऊ असतील तर डोळे झाकून ऑल-माउंटन घ्या. दोरीपलीकडे जायचंच असेल तर बोर्डाच्या आधी हिमस्खलनाचा अभ्यासवर्ग करा; बीकन, फावडं, प्रोब घ्या आणि ते वापरता येणारा सोबती शोधा.

मी यंदा वर्गाचे पैसे भरलेत. ऑल-माउंटन 156चा आणलाय. माशाची शेपटी गॅरेजमध्ये भिंतीवर आहे. बायको म्हणते, विकून टाक. अजून विकलेली नाही.